मधला माणूस

कपाट आवरताना परवा एक जुनी लग्नपत्रिका सापडली. लाल कागद, सोनेरी शाई, वर ‘श्री सिद्धेश्वर प्रसन्न’, खाली निमंत्रकांचा सोलापूरच्या साखर पेठेतला पत्ता आणि पत्त्याखाली फोन नंबर. नंबरापुढे कंसात दोन अक्षरं होती, पी.पी. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने विचारलं, ‘हे पी.पी. काय?’ मी म्हटलं, शेजाऱ्याचा फोन. तिला ते विनोदी वाटलं. स्वतःच्या लग्नाच्या पत्रिकेवर दुसऱ्याचा नंबर कोण छापतं?

सगळेच छापायचे. मूळ शब्द ट्रंक कॉलच्या काळातला, ‘पर्टिक्युलर पर्सन’, म्हणजे अमुक माणसालाच बोलावून द्या. पुढे त्याचा अर्थ उरला एवढाच की फोन आमचा नाही, पण निरोप पोचतो. आमच्या गल्लीतला असा फोन किराणा दुकानात होता. काळा, जड, डायलला बारकं कुलूप लावलेला, वर क्रोशाचं झाकण. दुकानदार अण्णा घरात तेलुगू बोलायचे, अक्कलकोटकडच्या गिऱ्हाइकांशी कन्नड आणि आमच्याशी मराठी. फोन वाजला की दुकानातला पोऱ्या सुटायचा. ‘काकू, पुण्याहून फोन आलाय, पाच मिनिटांनी परत लावतो म्हणालेत.’ काकू हाताचं पीठ झटकत, पदर सावरत निघायच्या आणि तेवढ्यात चार दारांना कळलेलं असायचं की काकूंना पुण्याहून फोन आहे. बोलणं ओरडूनच करावं लागे. ‘मुलगी झाली? बरं, बरं. बाळंतीण कशी आहे?’ एवढं ऐकलं की पलीकडचं बोलणं साखर न्यायला आलेली गिऱ्हाइकं आपापल्या मनाने पुरं करायची. काकू घरी परत येईपर्यंत जिन्यापाशी दोघीतिघी अभिनंदनाला उभ्या.

काकू नसल्या तर निरोप अण्णा घ्यायचे, आणि तो जसाच्या तसा कधी द्यायचे नाहीत. गावाकडे कोणी गेलं असेल तर ते दारात येऊन हळू आवाजात म्हणायचे, ‘तब्येत जरा जास्त आहे म्हणे, निघून या.’ या वाक्याचा खरा अर्थ गल्लीत सगळ्यांना ठाऊक होता. तरीही ते वाक्य तसंच बोललं जायचं. स्टँडवर जाऊन एसटी पकडेपर्यंत माणसाला हात-पाय चालवता यावेत, एवढी त्यात सोय होती. तारेत ही सोय नव्हती. तार आली की न वाचताच रडारड सुरू व्हायची. ती तारसेवा १५ जुलै २०१३ ला बंद झाली. पी.पी. नंबर कधी बंद झाले याची कुठे नोंद नाही.

मोबाइलने माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली, अशी तक्रार हल्ली व्याख्यानातून, कीर्तनातून, आणि अर्थातच व्हॉट्सॲपवरूनही ऐकू येते. मला ती पुरती पटत नाही. बोलणं वाढलंच आहे. आमच्या आईने आयुष्यभरात माहेरी जेवढी पत्रं लिहिली नसतील, तेवढे फोन माझी बहीण आठवड्यात करते. बदललं ते वेगळंच आहे. दोघांच्या बोलण्यात एक तिसरा असायचा. कधी फोनवाला शेजारी, कधी पोस्टमन, कधी निरोप घेऊन येणारा भाचा, कधी घरातल्या एकुलत्या फोनशेजारी पेपर वाचत बसलेले वडील. हा तिसरा गेला. तो कटकट्या होता, चोंबडा होता, प्रेमात पडलेल्यांचा तर शत्रूच होता. पण त्याच्याकडे काही कामंही होती, आणि तो गेल्यावर ती करायला कोणी उरलं नाही.

हे एका दिवसात झालं नाही. देशातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत दर होता आणि आलेला फोन उचलायलाही पैसे पडायचे. त्या दरात गप्पा होत नसतात. २००३ मध्ये येणारे फोन फुकट झाले आणि मग रिक्षावाला, प्लंबर, भाजीवाली यांच्या हातात फोन आला. त्याच सुमारास आपल्या लोकांनी एक शोध लावला, ज्याचं श्रेय कुठल्याच इंजिनिअरला देता येणार नाही. तो म्हणजे मिस कॉल. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे खाली ये, आणि वाजतच राहिला तर खरंच काहीतरी झालंय, उचल. पैसा एक नाही आणि निरोप पोचला. तोवर हा बिनखर्चाचा निरोप अण्णा द्यायचे. आता रिंग देऊ लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट पाण्याच्या भावाने मिळू लागलं, आणि मिस कॉलही म्हातारा झाला.

मधला माणूस गेल्यावर काय झालं, ते लग्नाच्या आवतणापासूनच बघा. आवतण हा निरोपातला सगळ्यात अवघड प्रकार. कुणाला पत्रिका पोस्टाने, कुणाला घरी जाऊन, कुणाला नवरा-बायको दोघांनी जाऊन कुंकू लावून आणि अक्षता देऊन, याचं एक न लिहिलेलं कोष्टक प्रत्येक घरात असतं. ‘आमच्याकडे पोरगा पाठवला, स्वतः नाही आले’ एवढ्यावरून वीस-वीस वर्षं न बोलणारे भाऊ मी पाहिलेत. म्हणून तर पत्रिकेच्या तळाशी छापायचे की नजरचुकीने कुणाला निमंत्रण राहिलं असल्यास हेच आग्रहाचं निमंत्रण समजावं. आता पत्रिकेचा फोटो दोनशे जणांना एकदम जातो. सख्खा मामा आणि गॅस सिलिंडरवाला यांना एकाच सेकंदाला, सारख्याच शब्दांत. मामाला राग येतो तो निमंत्रण मिळालं नाही म्हणून येत नाही, सिलिंडरवाल्याएवढंच मिळालं म्हणून येतो. करोनाच्या दोन वर्षांनी फोनवरच्या आवतणाला मान्यता दिली खरी, पण आमच्या भागात अजून रिवाज असा की फोटो आधी टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘समक्ष येतोच आहे.’ येतात की नाही, हा पुढचा भाग.

फोन समोर ठेवून बसलेल्या दोघांचं बोलणं बिघडतं का, यावर इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक साधा प्रयोग केला होता. तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अनोळखी माणसांच्या जोड्या बोलायला बसवल्या. काहींच्या जवळ एक मोबाइल नुसता ठेवून दिला, काहींच्या जवळ वही. फोन असलेल्या जोड्यांना एकमेकांबद्दल आपलेपणा कमी वाटला, विशेषतः बोलणं मनातल्या गोष्टींवर आलं तेव्हा. पुढे इतरांनी असेच प्रयोग केले, तेव्हा काहींत हा परिणाम दिसलाच नाही. मला या प्रयोगाची गंमत वाटते ती वेगळ्या कारणाने. कोऱ्या खोलीत दोन अनोळखी माणसं हा प्रसंग आपल्याकडे घडतच नाही. आपल्या बोलण्याभोवती नेहमी आणखी चारजण असतात, आणि हातांना काहीतरी काम असतं.

सोलापूरच्या पूर्व भागात बिड्या वळणाऱ्या बायकांकडे बघावं. मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली पानं, जर्दा, दोऱ्याची गुंडी. पान घेतलं, जर्दा पसरला, वळलं, दोरा गुंडाळला, टोक दाबलं. दिवसाला हजार बिड्या भरायच्या तर दोन्ही हात एक क्षण मोकळे राहत नाहीत, आणि तोंड मात्र दिवसभर मोकळं. म्हणून ओसरी हीच या बायकांची बातम्यांची जागा. कुणाची पोरगी कुठे दिली, कुणाच्या नवऱ्याने काय केलं, कुठल्या डॉक्टरकडे गुण येतो, इथपासून ते संपापर्यंत सगळं याच ओसरीवर ठरत आलंय. आता त्या ओसरीत भिंतीला पितळी डबा टेकवून, डब्याला फोन टेकवून ठेवलेला दिसतो. त्यात तेलुगू मालिका चालू असते, किंवा कुठल्या तरी महाराजांचं प्रवचन. हात बिडीवर असल्यामुळे त्यांना फोन हातात घेताच येत नाही. त्यामुळे एकच फोन चौघींत लागतो, आणि मालिकेतल्या सासूला चौघी मिळून शिव्या देतात. मला ही फोनची सगळ्यात माणसाळलेली अवस्था वाटते. तोच फोन संध्याकाळी नातवाच्या हातात गेला की कानात तारा जातात आणि घर गप्प होतं.

याच बिडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांसाठी शहराबाहेर कुंभारीला रे नगर उभं राहिलं. तीस हजार घरांची ही वसाहत. पहिल्या पंधरा हजार घरांचं लोकार्पण १९ जानेवारी २०२४ ला झालं. भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीतून स्वतःच्या पक्क्या घरात जाणं ही साधी गोष्ट नाही. पण ओसरी काही सोबत नेता येत नाही. जुन्या गल्लीतली शेजारीण आता फोनमधून भेटते. मोबाइल नसता तर ती भेटलीच नसती, हेही तितकंच खरं.

मधला माणूस जातो तेव्हा कधी कधी फायदा होतो, हे कांद्याने दाखवून दिलं. सोलापूरची बाजार समिती कांद्याची मोठी पेठ. पूर्वी शेतकऱ्याला भाव कळायचा तो माल उतरल्यावर, आडत्याच्या तोंडून. आता बार्शी-मोहोळच्या शिवारात बसून सकाळची आवक आणि भाव फोनवर दिसतात. भाव कळल्याने माणसाचं भलं होतं का? केरळच्या किनाऱ्यावर होतं, असं रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने २००७ मध्ये आकड्यांनिशी मांडलं. १९९७ ते २००१ या काळात तिथे मोबाइलचे मनोरे उभे राहिले आणि मच्छीमार समुद्रातूनच वेगवेगळ्या बंदरांना फोन करून भाव विचारू लागले. सार्डिन माशाचे बंदरा-बंदरातले भाव जवळजवळ एक झाले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि गिऱ्हाइकाला मासा ४ टक्क्यांनी स्वस्त पडला. पण होडीला तोंड फिरवता येतं. काढून, भरून, रात्री टेम्पोत चढवलेल्या कांद्याला कुठे फिरवणार? भाव पडल्याचं रस्त्यातच कळतं, एवढाच फरक.

आणि तरीही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापुरात ५१२ किलो कांदा विकला. किलोला एक रुपया भाव मिळाला. वाहतूक, हमाली, तोलाई वजा जाता हिशेबाच्या पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हातात चेक पडला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. अशा पट्ट्या पूर्वीही निघत. शेतकरी ती घडी करून खिशात घालायचा, घरी सांगायचीही लाज वाटायची. या वेळी तिचा फोटो निघाला. दोन दिवसांत तो चेक राज्यभर प्रत्येकाच्या हातातल्या काचेवर होता, आणि पुढाऱ्यांना कॅमेऱ्यासमोर त्याचं उत्तर द्यावं लागलं. त्या कागदाला कुणी मध्ये अडवू शकलं नाही.

पण दोन रुपयांच्या चेकचा फोटो जितक्या वेगाने गेला, तितक्याच वेगाने दुसरंही काही जातं. त्यातली एक गोष्ट सोलापूर जिल्ह्याला विसरता येणार नाही.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे व्हिडिओ आणि मजकूर राज्यभर गावोगाव फिरत होते. १ जुलै, रविवार, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा बाजाराचा दिवस. तिथे एसटीतून पाचजण उतरले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, पिढ्यान् पिढ्या भिक्षेवर फिरणारे, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त झालं. जमावाने त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि मरेपर्यंत मारलं.

डवरी गोसावी कोण, हे मंगळवेढ्याकडच्या खेड्यात कुणाला सांगावं लागत नाही. दारात आला की आजी सुपातून पीठ घालते. राईनपाड्यात त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं, आणि फोनमधला मजकूर कुणाचा, हेही कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी अफवा नव्हत्या असं नाही. प्लेगच्या काळातल्या, युद्धाच्या काळातल्या अफवांचे किस्से आपल्या आजोबांनी सांगितलेत. पण अफवा कुणाच्या तरी तोंडून यायची. ‘कोण म्हणालं?’ असं विचारता यायचं, आणि ‘तो होय? तो रोजच काही ना काही ऐकून येतो’ म्हणून निम्मी हवा काढता यायची. सांगणाऱ्याची गावात एक पत असते आणि बातमीची किंमत त्या पतीवर ठरते. फॉरवर्ड केलेल्या मजकुराला ती पत तुमच्या मेव्हण्याची मिळते, कारण तो मेव्हण्याच्या नावाने येऊन पडतो. मेव्हण्याला विचारलं तर म्हणतो, ‘मला काय माहीत, मला आलं, मी पाठवलं.’

त्या आठवड्यानंतर व्हॉट्सॲपने भारतात दोन गोष्टी केल्या. पुढे ढकललेल्या मजकुरावर ‘फॉरवर्डेड’ असा शब्द दिसू लागला, आणि एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी मजकूर ढकलता येणार नाही, अशी मर्यादा आली. २०२० च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या अफवा ऐन भरात असताना, वारंवार फिरलेला मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं गेलं. बघायला गेलं तर जगातली एक बलाढ्य कंपनी अण्णांचं काम करायला बघत होती. निरोप जरा रोखायचा, आणि देताना सांगायचं, बाबा रे, हे माझं म्हणणं नाही.

काही गावांनी हे काम स्वतःकडेच घेतलं. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथे १५ ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो आणि घरोघरचे टीव्ही, मोबाइल बंद होतात. साडेआठला पुन्हा वाजला की सुरू. सरपंच विजय मोहिते यांनी ही कल्पना मांडली तेव्हा गावात हसणारेच जास्त होते. सुरुवातीला शिक्षक, अंगणवाडी सेविका, आशा ताई दारोदार फिरून सांगायच्या. सोलापूरकराला या भोंग्याचं नवल वाटू नये. १८७७ मध्ये जुनी मिल सुरू झाल्यापासून पिढ्या न् पिढ्या हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठलं, जेवलं आणि झोपलं. तो भोंगा मालकाचा होता, हा गावाचा आहे, आणि दीड तासाने तो सोडूनही देतो, म्हणून टिकला असावा. त्याच वर्षी नोव्हेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाइलबंदीचा ठराव केला. बंदीपेक्षा मला भोंगा बरा वाटतो. बंदीत फक्त मुलं गुन्हेगार ठरतात. भोंगा वाजला की बापालाही रील बंद करावं लागतं.

शिवाय मुलांना फोन आपणच दिलाय. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे राज्याच्या पुस्तकांत ते आले, आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. दहा लाख डॉलरच्या या पुरस्कारातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. त्याच वर्षी करोनाने शाळा घरात आली. ‘असर’ या पाहणीनुसार ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, त्यांचं प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होतं. २०२० मध्ये ते ६१.८ टक्क्यांवर गेलं. घरी फोन आला, पण कुणाचा? त्याच पाहणीच्या २०२३ च्या अहवालात १४ ते १८ वयाच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे. म्हणजे तेव्हा पाचपैकी चार मुली अजून पी.पी. नंबरवरच होत्या. त्यांच्या बोलण्यात तिसरा माणूस होता, भाऊ किंवा बाप, आणि तो निरोप तासून देणारा अण्णा असेलच असं नाही. मधल्या माणसाबद्दल हळहळताना हे विसरून चालणार नाही.

जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत सम्मती कट्ट्यावर अक्षता सोहळा असतो. बाराबंदी घातलेले मानकरी, सात नंदीध्वज, आणि भोवती मावेल तेवढं सोलापूर. सम्मती वाचली जाते आणि सगळ्यांनी एकदम अक्षता टाकायच्या. आता तिथे प्रत्येकाच्या उजव्या मुठीत तांदूळ आणि डाव्या हातात उंच धरलेला फोन असतो. यंदा माझ्या शेजारच्या पोराच्या दोन्ही हातांत फोन होते, एक स्वतःचा, एक आईचा. अक्षता टाकायची वेळ आली तसा तो गोंधळला. माझ्याकडे बघून म्हणाला, ‘काका, जरा धरा की बे हा.’ काका म्हणून वर बे, हे फक्त सोलापुरातच जमतं. मी धरला. त्याने अक्षता टाकल्या.

परतताना पूर्व भागातल्या जुन्या ओळखीच्या आज्जींकडे गेलो. आज्जींचा मुलगा पुण्याला, कंपनीत. त्यांच्याकडे बटणाचा फोन आहे, पण त्यात नातवाचं तोंड दिसत नाही. आम्ही चहा घेत असताना वरच्या मजल्यावरची बारा-तेरा वर्षांची मुलगी जिन्यावरून धडधडत खाली आली. हातात आईचा फोन, फोन पुढे धरलेला. ‘आज्जी, पुण्याहून व्हिडिओ कॉल आलाय!’

आज्जींनी हातातली बशी खाली ठेवली, पदर डोक्यावर घेतला आणि फोनमध्ये डोळा घातला. पलीकडे नातू दात पडल्याचं दाखवत होता. ओसरीवरच्या बाकीच्या दोघी सूप बाजूला सारून मागे येऊन उभ्या राहिल्या. ‘कुठला दात बे? दाखव की नीट.’ सून कशी आहे, थंडी किती आहे, गड्ड्याला का आला नाहीस, हे तिघींनी तीन भाषांत विचारून घेतलं. आज्जी ओरडूनच बोलत होत्या. मुलगी शेजारी एका पायावर उभी होती.

‘आज्जी, आवरा की,’ ती म्हणाली, ‘नेट संपायलंय.’